हजेरीपत्रकावरची सही

गेल्या वर्षीच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे. एकतिसाव्या ओळीवर माझी सही आहे आणि बत्तिसाव्या ओळीवर आमच्या मजल्याची साफसफाई करणाऱ्या मावशींची. निळ्या पेनाने काढलेली, एकेक अक्षर सुटं, शेवटच्या अक्षरापाशी कागद थोडा फाटलेला. त्या सहीचा कागदोपत्री अर्थ असा की घातक रसायनं, जैविक कचरा, आग आणि सांडलवंड या विषयांचं वार्षिक प्रशिक्षण त्यांनी घेतलं आणि त्यांना ते समजलं.

प्रशिक्षण दोन तासांचं होतं, पूर्ण इंग्रजीत. मावशी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. पडद्यावर बाटल्यांची चित्रं आली की वर बघायच्या, मजकूर आला की हातातल्या पिशवीकडे. मला ते दिसत होतं आणि त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही. ते का वाटलं नाही, याचा मी वर्षभर विचार केला आहे.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक आहे. अकरा वर्षं झाली. पेशी वाढवणं, त्यांच्यातलं आरएनए (जनुकांची माहिती वाहणारा रेणू) काढणं, ते जेल म्हणजे पारदर्शक चिकट थरातून विजेने सरकवून तपासणं ही रोजची कामं. शिवाय आमच्या मजल्यावरच्या रसायनांचा साठा आणि त्यांचा कचरा माझ्या ताब्यात असतो. दर पावसाळ्यात सुरक्षा समितीची मेल येते: वार्षिक प्रशिक्षण अनिवार्य, अमुक तारखेपर्यंत झालं नाही तर दाराचं कार्ड बंद. मेल आली की मजल्यावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘परत तेच?’ पहिली चार-पाच वर्षं मीही तेच म्हणायचे.

दर वर्षी का, याचं एक उत्तर कायद्यात आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रुग्णालयांइतकेच संशोधन आणि शिक्षण संस्थांनाही लागू आहेत. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. किती जणांना दिलं हे वार्षिक अहवालात लिहावं लागतं, आणि किती जणांना दिलं नाही हेही. माझ्या मते त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, आणि तिथेच गोची आहे. कारण मावशींची सही झाली की त्या पहिल्या आकड्यात जातात.

दुसरं उत्तर मला एका मृत्यूच्या हकिगतीतून कळलं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान नावाच्या प्राध्यापक होत्या, विषारी धातूंच्या अभ्यासातलं मोठं नाव. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं अतिविषारी संयुग हाताळताना त्याचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. काम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या, पुढे सरकती काच असलेल्या कपाटात चाललं होतं, लॅटेक्सचे हातमोजे घातलेले होते. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सगळी काळजी घेतलेली होती. पण हे द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, हे त्या अपघातानंतरच्या चाचण्यांत उघड झालं. काही महिने काहीच जाणवलं नाही. मग तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांनी नियम मोडला नव्हता, नियमच अपुरा होता. हे वाचल्यापासून मी ‘परत तेच’ म्हणणं सोडलं. गेल्या वर्षी बरोबर असलेली गोष्ट या वर्षीही बरोबर असेलच असं नाही. आम्ही सर्रास वापरतो ते पातळ निळे नायट्राइलचे हातमोजे घ्या. पाण्यातल्या द्रावणांना ते उत्तम. डायक्लोरोमिथेन हा द्रावक (इतर रसायनं विरघळवणारा द्रव) मात्र त्यांच्यातून काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर पलीकडे जातं. निळा हातमोजा घातला की हात सुरक्षित, असं समजणारे पीएचडीचे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात.

आता मावशींचं सांगते.

गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणाला दोन महिने झाले असतील. एका विद्यार्थ्याने काचसामान धुऊन उरलेलं नायट्रिक अ‍ॅसिड संध्याकाळी एका रिकाम्या बाटलीत ओतलं, बूच घट्ट लावलं, बाटली हूडमध्ये ठेवली आणि घरी गेला. त्या बाटलीत आधी मिथेनॉलचा कचरा साठवलेला होता आणि तळाशी थोडा राहिला होता. नायट्रिक अ‍ॅसिड आणि असा द्रावक एकत्र आले की हळूहळू उष्णता आणि वायू तयार होत राहतात. बूच घट्ट, वायूला वाट नाही. रात्री कधीतरी बाटली फुटली. हूडची काच खाली ओढलेली असती तर सगळं आतच राहिलं असतं; ती वर होती.

सकाळी साडेसातला मावशी आल्या. जमिनीवर काचा, ओल, खोलीत उग्र वास. पाइप फुटला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी काचा सुपलीत भरल्या आणि फडक्याने लादी पुसली. पायात चपला होत्या. डाव्या पायाच्या घोट्यापाशी आणि बोटांवर चरचरलं, म्हणून न्हाणीघरात जाऊन पाय धुतला आणि पुढची खोली झाडायला घेतली. दहा वाजता मी त्यांना लंगडताना पाहिलं. पायाची कातडी पिवळी पडली होती. नायट्रिक अ‍ॅसिडने कातडी पिवळी पडते हे मी महाविद्यालयात शिकले होते. माणसाच्या पायावर पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टरांनी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं, पण पायासाठी नाही, छातीसाठी. अशा वेळी निघणारा तपकिरी वायू फुप्फुसात गेला तर त्रास लगेच होतोच असं नाही. बारा-बारा तास माणूस बरा असतो आणि मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. मावशींचं तसं काही झालं नाही. पायाची जखम तीन आठवड्यांनी भरली, डाग आहे. मी भेटायला गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, “मॅडम, चूक झाली माझी. विचारायला पाहिजे होतं.”

चौकशीत ते हजेरीपत्रक पुढे आलं. प्रशिक्षण दिलेलं होतं, सही होती, कागद चोख होता. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले. दुसऱ्या दिवशी सुरक्षा समितीच्या प्रमुखांकडे जाऊन म्हणाले, की पुढच्या वर्षी साफसफाईच्या, काचसामान धुण्याच्या आणि प्राणिगृहातल्या सगळ्यांचं प्रशिक्षण वेगळं आणि मराठीत व्हायला हवं. ते म्हणाले, “अगदी बरोबर. तुम्ही घ्या.”

तयारीला तीन आठवडे लागले, त्यातले दोन शब्दांवर गेले. ‘संक्षारक’ असा शब्द सरकारी कागदांत असतो. मी आमच्या काचसामान धुणाऱ्या दादांना विचारलं, तर त्यांना तो एखाद्या औषधाचं नाव वाटला. शेवटी ‘कातडी आणि लोखंड दोन्ही खाणारं’ असं ठरवलं. ‘ज्वलनशील’ मात्र सगळ्यांना येत होता, कारण रस्त्यावर पेट्रोलच्या टँकरमागे तो लिहिलेला असतो. ज्वाळेची दोन चिन्हं असतात आणि ती एकसारखी दिसतात; एकात नुसती ज्वाळा, दुसऱ्यात ज्वाळेखाली गोल. पहिलं म्हणजे स्वतः पेटणारं. दुसरं म्हणजे स्वतः न पेटता दुसऱ्याची आग भडकवणारं, चुलीत फुंकर घातल्यासारखं. लाल चौकटीतली अशी एकूण नऊ चिन्हं जगभर सारखीच वापरतात. ती मी मोठी छापून घेतली. रसायनाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकाचे सोळा भाग असतात. ते कोणाला पाठ करायला लावायचे नाहीत हेही ठरवलं. विद्यार्थ्यांनी चौथा भाग, म्हणजे प्रथमोपचार, आणि दहावा, म्हणजे कशाबरोबर काय ठेवू नये, एवढे दोन जरी कपाट उघडण्याआधी वाचले तरी माझं अर्धं काम होईल.

वेळेवरून ठेकेदाराशी बोलणी करावी लागली. कामाच्या वेळेत माणसं सोडायला तो तयार नव्हता, आणि कामानंतर थांबवायला आम्ही तयार नव्हतो. शेवटी संस्थेने लेखी दिलं तेव्हा दुपारी तीनची वेळ मिळाली. चौदा जण आले. मावशी पहिल्या रांगेत बसल्या.

मी रसायनांपासून सुरुवात केलीच नाही. विचारलं, “संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकून कोणी घासलंय का?” नऊ हात वर आले. तिसऱ्या मजल्यावरच्या एक मावशी म्हणाल्या, की एका बंगल्यात काम करताना दार लावून त्यांनी असं घासलं होतं. छाती बंद पडल्यासारखी झाली, डोळ्यांतून पाणी थांबेना, बाहेर येऊन पायरीवर बसल्या. घरच्या बाईंनी उन्हाचं झालं असेल म्हणून लिंबूपाणी दिलं. तो वायू क्लोरीन होता, असं मी सांगितलं. खोली एकदम शांत झाली. प्रत्येकाने घरी, दुसऱ्यांच्या घरी, वर्षानुवर्षं ते मिश्रण वापरलं होतं आणि खोकला हा कामाचाच भाग समजला होता.

तिथून पुढे वाट सोपी झाली. दोन चांगल्या वस्तू एकत्र आल्या की वाईट होऊ शकतात, हे समजावून सांगायची गरजच उरली नाही. आमच्याकडे आरएनए काढायच्या किटमध्ये ग्वानिडिन थायोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा कचरा सिंकमध्ये सांडला आणि स्वच्छतेच्या हेतूने वरून ब्लीच टाकलं तर विषारी वायू निघतो, त्यात सायनाइडही असतं. कोविडच्या काळात अशी किट शहरातल्या कितीतरी प्रयोगशाळांत पोहोचली होती. मी त्या किटची बाटली सगळ्यांच्या हातात दिली, लेबल दाखवलं. आणि एक नियम तीनदा म्हणवून घेतला: बाटलीत काय आहे हे माहीत नसेल तर तिच्यात काहीही ओतायचं नाही, धुवायला पाणीसुद्धा नाही.

हातमोजे काढायचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. बाहेरच्या प्रशिक्षणांत त्यासाठी चमकणारी पावडर वापरतात. आम्ही घरची हळद पाण्यात कालवली. हळद अतिनील प्रकाशात पिवळीहिरवी चमकते, त्यामुळे छोटी अतिनील टॉर्च पुरली. सगळ्यांनी हातमोजे घालून हळदीच्या पाण्यात बोटं बुडवली, मग नेहमीच्या सवयीने हातमोजे काढले. दिवे बंद करून टॉर्च मारली तर कोणाच्या मनगटावर, कोणाच्या अंगठ्याच्या पेरावर, एका दादांच्या तर गालावर चमक होती. काढता काढता गाल खाजवला होता, त्यांना आठवतही नव्हतं. मग सावकाश दाखवलं: एका हातमोज्याची कड बाहेरून धरायची, उलटा करत काढायचा, मुठीत धरायचा; दुसऱ्याच्या आत उघडं बोट घालून तोही पहिल्यावरून उलटा करायचा. दुसऱ्या फेरीत अकरा जणांचे हात स्वच्छ निघाले. उरलेल्या तिघांनी स्वतःहून तिसऱ्यांदा केलं. माझ्या अकरा वर्षांतल्या एकाही प्रशिक्षणात लोकांनी ‘पुन्हा करून बघू’ म्हटलेलं मला आठवत नाही.

कचऱ्याच्या रंगांवर फारसं बोलावं लागलं नाही. दूषित प्लास्टिक आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ता-मांसाचं आणि बोळे पिवळीत, सुया-ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात; हे त्यांना विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं येत होतं. चुका करणारे आम्ही, निस्तरणारे ते. प्राणिगृहातले एक काका म्हणाले, “लाल पिशवीत सुई सापडते हो मॅडम. महिन्यातून एकदा तरी.” मी ते लिहून घेतलं, आणि काविळीची, म्हणजे हेपटायटिस बीची लस सगळ्यांची झाली आहे का ते विचारलं. नियमाप्रमाणे ती देणं संस्थेचं काम आहे. चौदापैकी पाच जणांची झालेली नव्हती. ठेकेदार बदलला तेव्हा नवी माणसं आली आणि यादी जुनीच राहिली. पुढच्या महिन्यात पाचही जणांचा पहिला डोस झाला.

भंगाराबद्दल बोलायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. आमच्या भांडारातून जुनी यंत्रं लिलावात जातात आणि ती उचलणारे हात याच खोलीत होते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं एक किरणोत्सारी उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते कापलं, तुकडे झाले, चकाकणारे तुकडे लोकांनी हाताळले. एक कामगार एप्रिलमध्ये मेला, आणखी काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांच्यातल्या कोणीही त्या विद्यापीठात कधी काम केलं नव्हतं, कुठल्या प्रशिक्षणाला बसलं नव्हतं. किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह मी फळ्यावर मोठं काढलं. भांडारातले दादा उठून जवळ आले, मोबाइलमध्ये फोटो काढला आणि म्हणाले, “हे आपल्याकडे एका जुन्या पेटीवर आहे.” आम्ही लगेच जाऊन पाहिलं. पेटी रिकामी होती, आत काही नव्हतं, मोजयंत्राने तपासूनही घेतली. पण चिन्ह खरवडल्याशिवाय ती भांडारात कशी गेली, याचं उत्तर आम्हाला शोधावं लागलं, आणि नुसतं चिन्ह असलेल्या रिकाम्या पेट्यांसाठीही आता वेगळी नोंदवही आहे.

डोळे धुण्याचं फवारायंत्र दाखवायला सगळे मजल्यावर गेलो. दांडी दाबली तर आधी चहासारखं तांबूस पाणी आलं. कित्येक महिने कोणी ते चालवलंच नव्हतं. डोळ्यात अ‍ॅसिड गेलेल्या माणसाने ते गंजाचं पाणी डोळ्यात घेतलं असतं. हा माझाही दोष, कारण त्या मजल्याची यादी माझ्याकडे आहे. आता दर सोमवारी सकाळी मावशी ते दोन-तीन मिनिटं चालवतात आणि शेजारच्या कागदावर तारीख घालतात. डोळे पंधरा मिनिटं धुवायचे असतात, असं सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, “पंधरा मिनिटं म्हणजे किती?” प्रश्न मला फार आवडला. घड्याळ लावून आम्ही सगळे तिथे नुसते उभे राहिलो. पाच मिनिटांतच लोक चुळबुळायला लागले. त्रासलेला माणूस दोन मिनिटांत बाजूला होणार, म्हणून त्याला धरून ठेवायला दुसरं माणूस लागतं, हे त्या उभं राहण्यातून कळलं.

अग्निशामक नळकांडं सगळ्यांनी एकेकदा चालवलं. पिन ओढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, दाबा, आणि झाडू मारल्यासारखी इकडून तिकडे फिरवा. झाडू मारल्यासारखं म्हटल्यावर त्यात कोणी चुकलं नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मावशींनीच विचारलं, “सांगायचं कोणाला मॅडम? पोरं म्हणतात, मावशी, नंतर बघतो. सुपरवायझर म्हणतो, खोली का झाडली नाही. मधल्यामधे आम्हीच.” मी जे शिकवायला गेले होते त्यात याचं उत्तर नव्हतं. समितीचे प्रमुख मागे उभे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मराठीत एक सूचना काढली: ओळखू न येणारं काही सांडलेलं किंवा फुटलेलं दिसलं तर साफ करायचं नाही, दार लावून बाहेर उभं राहायचं, या नंबरवर फोन करायचा, त्यापायी काम राहिलं तर कोणाचाही पगार कापला जाणार नाही. खाली सही आणि शिक्का. ती सूचना चहाच्या खोलीत लावली आहे, ठेकेदाराकडेही पाठवली.

परीक्षा तोंडी घेतली, प्रत्येकाची वेगळी, पाच-पाच मिनिटं. त्याच आठवड्यात मी माझी स्वतःची परीक्षा संगणकावर दिली, वीस प्रश्न, सोळा बरोबर लागतात, दहा मिनिटांत संपली. मावशींनी तोंडी परीक्षेत नायट्रिक अ‍ॅसिडची बाटली नुसत्या चिन्हावरून ओळखली. मग पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हेच ना ते?”

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मला त्यांचा फोन आला. “जेलच्या खोलीत बाटली आडवी झालीय. पाण्यासारखं आहे, वास नाही. पण लेबल नाही. मी दार लावलंय, बाहेर उभी आहे.” मी पोहोचले तेव्हा त्या खरंच दारात उभ्या होत्या, बादली आडवी ठेवून. दोन विद्यार्थ्यांना त्यांनी परत पाठवलं होतं. मी गॉगल लावून आत गेले, कागदाच्या पट्टीने तपासलं, चौकशी केली. जेल चालवायचं साधं बफर, म्हणजे क्षारांचं सौम्य द्रावण, निघालं. तरी नोंद केली. कळवणाऱ्याचं नाव या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं आणि सहीसाठी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी आधी मी काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं, ऐकलं, ‘बादली ठेवली होती’ हेही घालायला लावलं आणि मग सही केली.

बाटली कोणाची होती ते अजून कोणी सांगितलेलं नाही. सोमवारच्या बैठकीत मी पुन्हा विचारणार आहे.